कडेची पट्टी

ऑस्लोच्या चाचणीखोलीत आयविंदने
टॅब वरून काढले, डाव्या कडेला
एकाखाली एक लावले.
सुन्निवाबाईंचा कर्सर तरी सवयीने वरच गेला,
मोकळ्या जागेत घुटमळला,
ओशाळून खाली उतरला.

वर सत्तेचाळीस टॅब दाटीवाटीने बसायचे,
नावं चेपून नुसती चिन्हं उरायची.
निळा ठिपका म्हणजे बोटींचं वेळापत्रक,
लाल म्हणजे लोकर,
आणि शेवटून तिसरा, राखाडी,
मार्चपासून न मिटलेला,
ज्याच्याकडे त्या बघायच्या नाहीत.

आता सगळे ऐसपैस.
अख्खं नाव वाचता येतं.
त्यांनी वाचलं.
आयविंदने वहीत लिहिलं : वाचनीयता उत्तम.

"छान आहे रे," बाई म्हणाल्या,
"पण ही पट्टी
जरा अरुंद करता येते का?"