तेरीज

सातव्या मजल्यावर लिफ्ट थांबत नाही.
पाचवर थांबते, मग एकदम अकरावर.
मधल्यांनी आपापलं बघावं.
सरकता जिना मार्चपासून सरकत नाही,
त्याच्या तोंडाशी एक पिवळी पाटी
दिलगिरी व्यक्त करत उभी आहे.
म्हणून शिकवणीच्या खोलीत येणारा धापा टाकतच येतो,
आणि तासाला अठरा डॉलरवर बसलेली मी
आधी पाणी विचारते, मग अडचण.

आठ चाळीस. खाली लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर
बिर्याणीच्या गाडीचा धूर काचेपर्यंत येऊन परततो.
येसेनिया पाउलिनो, ब्राँक्स, दुसरं वर्ष.
हातावर एक काळा कोट, हँगरसकट.
करिअर ऑफिसनं उसना दिलाय, गुरुवारपर्यंत.
उद्या सकाळी मुलाखत, पार्क ॲव्हेन्यूवर, एकतिसावा मजला.
"तिथली लिफ्ट थांबते म्हणे," ती म्हणाली,
आणि वही माझ्यापुढे ढकलली.
"मिस, सत्तावीस डॉलर कुठे गेले?"

तेरीज जुळत नव्हती.
डावीकडे नावे, उजवीकडे जमा,
मध्ये सत्तावीसची फट.
तिनं तीनदा बेरीज केली होती, तीनदा तेच उत्तर,
चूक इतकी प्रामाणिक
की तिच्यावर रागावताही येईना.

मी म्हटलं, बेरजा सोड. फरकाला नऊनं भाग.
निःशेष जातो?
मग पैसे कुठे गेले नाहीत. अंकांनी जागा बदलली.
भागाकार तीन आला ना,
आता असे दोन अंक शोध, शेजारी शेजारी,
ज्यांच्यात तीनचं अंतर आहे.

तिचं बोट खाली उतरत गेलं.
भाडं. वीज. स्टेशनरी.
किरकोळ खर्च: एक्केचाळीस.
पावतीवर चौदा.

ती हसली नाही. सगळे हसतात इथे,
कपाळावर हात मारून घेतात.
ती म्हणाली,
गाडी नंबर एक्केचाळीस पप्पांची.

त्यांचा टॅक्सीचा अड्डा होता जेरोम ॲव्हेन्यूवर,
सहा गाड्या, एक वायरलेस,
आणि अकरा वर्षांची ही, खुर्चीवर उशी घेऊन,
शाळेचा गृहपाठ आणि रात्रीच्या फेऱ्या एकाच वहीत लिहिणारी.
एक्केचाळीस, कुठे आहात?
एक्केचाळीस, फोर्डहॅम रोडला दोन म्हाताऱ्या, सामान आहे.
एक्केचाळीस, आई विचारते जेवणार कधी.
खरखर, मग त्यांचा आवाज,
मग पुन्हा खरखर.
"हात आपोआप लिहितो," ती म्हणाली.
आता ती गाडी कोण चालवतं, मी विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही.

खोडरबर माझ्याकडे होतं. तिनं ते घेतलं
आणि आधी चार पुसला, मग एक,
पण कागद घासून पातळ झाला
आणि चौदाच्या मागे एक्केचाळीस दिसतच राहिला,
उजेडाकडे धरला की जास्तच.

मग तिनं कोट घालून दाखवला.
बाह्या बोटभर आखूड.
खिशात कुणाची तरी पुदिन्याची गोळी निघाली,
आधी कुणीतरी हाच घालून कुठल्यातरी मजल्यावर गेलं होतं.
लागली का त्याला नोकरी? लागली असेल, मी म्हटलं,
जसं आपण म्हणतो.
गोळी तिनं परत खिशात ठेवली.
"ही पण गुरुवारी परत द्यायची."

नऊला दिवे आपोआप जातात. जिन्यावरून तिचे बूट ऐकू आले,
सहावा, पाचवा.
तिथं लिफ्ट थांबते, पण ती थांबली नाही.
माझ्या तक्त्यात रकाने आहेत:
नाव, विषय, आल्याची वेळ, गेल्याची वेळ,
अडचण सुटली का? हो, नाही.
चौकट तांदळाएवढी.
मी हो वर खूण केली.
मग मोबाइलच्या उजेडात
गेल्याची वेळ लिहायची म्हणून घड्याळ पाहिलं
आणि लिहून बसले
नऊ एक्केचाळीस.