अकरांतले पाच टक्के

देवतळे सर म्हणाले, “तूच लिहून आण, मी सही करतो.”
असंच चालतं आमच्या डिपार्टमेंटात.
त्यांनी चष्मा बंद कूलरवर ठेवला
आणि निवृत्तीच्या फायलींना सुतळी बांधायला घेतली.

मग रीडिंग रूमच्या शेवटच्या टेबलावर
मी स्वतःबद्दल परक्या माणसासारखी लिहू लागले :
उत्पला खोब्रागडे ही अत्यंत हुशार विद्यार्थिनी आहे.
“अत्यंत” खोडलं. शोभेना.
मग “हुशार”. मग “विद्यार्थिनी”, ते त्यांना ठाऊकच असणार.
उरलं एवढंच :
उत्पला खोब्रागडे ही आहे.
तेही सिद्ध करावं लागेलसं वाटलं.

फॉर्मवर खाली गोल होते, एकात टिकली भरायची.
वरच्या एका टक्क्यात? पाच? दहा?
आमच्या वर्गात आम्ही अकरा.
(प्रणोती लग्न होऊन वर्ध्याला गेली,
हजेरीत मात्र अकराच.)
अकरांतले पाच टक्के म्हणजे
अर्ध्याहून जरासं जास्त माणूस.
मी त्या गोलात शिरले तर
गुडघ्यांपासून खालची बाहेर राहीन.

सिनियर सांगायचे, अर्ज भक्कम कर.
रिअल ॲनालिसिसचे त्रेपन्न मार्क झाकू नकोस, ते झाकत नाहीत.
तर वर्षभर पहाटे पाचला उठले,
शेजारच्या मोटारीचं पाणी यायच्या आत
एकेक प्रमेय हातानं उतरवलं, पुस्तक मिटून पुन्हा उतरवलं.
एप्सिलॉन लहान होत गेला,
माझी झोप त्याहून लहान.
आणि गेल्या हिवाळ्यात बाबांच्या अडतीवर
अकराशे चाळीस संत्री वजन केली, घरच्या काट्यावर,
पेटीतला थर आणि ग्रॅम, दोन रकाने.
वरच्या थरातलं संत्रं खालच्यापेक्षा सरासरी नऊ ग्रॅमनी जड निघालं.
बाबा हसले.
“एवढं मोजाले एक वर्स? मले विचारलं असतं.”

सव्वीस वर्षं ते कळमन्याला माल पाहतात.
शेतकरी वरून दाखवतो,
हे कोपर बुडेपर्यंत हात घालतात,
तळातलं काढून नाकाशी नेतात.
“वरचा माल सारेच दाखवतेत, पोरी.
तळाचा तूच काढून दिला
त घेणारा मंग जास्त खोदत नाही.”

म्हणून पत्रात त्रेपन्न लिहिले, दुसऱ्याच ओळीत.
मग पहाटेचे पाच. मग नऊ ग्रॅम,
आणि हेही, की त्या नऊ ग्रॅमवर अजून माझा पुरता भरवसा नाही,
कारण पेट्या एकाच अडतीच्या होत्या.
टक्केवारीच्या गोलांखाली लिहिलं : वर्ग अकरांचा.

सरांनी उभ्यानंच वाचलं.
खुर्ची ओढली. पुन्हा वाचलं.
मला वाटलं, त्रेपन्न काढायला लावतील.
त्यांनी चष्मा शोधला, कीबोर्ड पुढे ओढला
आणि एका बोटानं, अक्षर अक्षर हुडकत
शेवटी एक परिच्छेद जोडला :
तिसऱ्या सेमिस्टरला फळ्यावर माझी चूक झाली होती.
हिनं ती तासात दाखवली नाही.
तास सुटल्यावर आली,
आणि चूक कदाचित आपलीच असेल म्हणून
दोन उदाहरणं सोडवून सोबत आणली होती.

मी हे विसरूनच गेले होते.
चार पानं स्वतःला शोधत होते
आणि हे त्यांच्याकडे राहिलं होतं,
सुतळी बांधलेल्या कुठल्यातरी फायलीत.

शेवटच्या दिवशी फी भरायला मामाचं कार्ड.
ओटीपी त्याच्या फोनवर, तो बुटीबोरीला शिफ्टमध्ये,
दोनदा वेळ संपली.
बाबा मागे उभे, रात्रपाळीचा स्वेटर अंगात तसाच.
“किती अर्ज येतेत?”
तीनशे.
“जागा?”
सहा.
त्यांनी मनातल्या मनात ढीग पाहिला असावा.
“मंग हात घालणारा कसा आहे, त्याच्यावर आहे.”
आणि चहा ठेवायला आत गेले.

मी बटण दाबलं.
इथे दहा वाजून एकवीस मिनिटं झाली होती,
तिकडे अजून कालचाच दिवस चालू होता.