लेव्हल टू

रात्री साडेदहाला, बोल्टनमध्ये,
आम्रपालीच्या लॅपटॉपवर
मी हात धुवायला शिकतेय.

वीस सेकंद. बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली,
अंगठा वेगळा, मग मनगट.
पडद्यावरच्या बाईचे हात इतके कोरे
की धुण्याआधीचे कुठले, नंतरचे कुठले
मला कळत नाही.

गिलियन म्हणाली, शुक्रवारपर्यंत सर्टिफिकेट आण,
म्हणजे सोमवारपासून नुसती भांडी नकोत,
चिरायला घेईन तुला, वाढायला उभी करीन.
दोनशे दहा मुलं, दोन खेपांत.

लाल पाट कच्च्या मांसाला, निळा माशाला,
हिरवा सॅलडला, मातीतून आलेल्या भाज्यांना तपकिरी.
ह्याचं त्याला लागू द्यायचं नाही.
इथे ह्याला लांबलचक नाव आहे,
दोनदा वाचूनही जिभेवर बसत नाही.
आमच्या गावात तीन अक्षरांत भागायचं,
आणि त्याला पाट लागत नसत,
माणसंच पुरायची.

पाच ते त्रेसष्ट अंश हा धोक्याचा पट्टा.
वीस मिनिटांत एका जंतूचे दोन.
भाताचा धडा आला तेव्हा मी लॅपटॉप अर्धा मिटला:
रात्रीचा भात, फडक्याखाली, सकाळी फोडणीला.
जन्मभराची न्याहारी
चुकीचं उत्तर निघाली.
आतून आम्रपाली ओरडली,
आई, एकटीच काय हसतेस?

मग प्रश्न अकरावा.
अन्न कोणाच्या हातून दूषित होऊ शकतं?
नवीन कामगाराच्या.
भांडी घासणाऱ्याच्या.
सुट्टीवरून परतलेल्याच्या.
अन्नाला हात लावणाऱ्या कोणाच्याही.

माउस धरून बसले.

पवनीकडच्या आमच्या शाळेत
मायला खिचडीचं काम लागलं होतं.
पहिल्या दिवशी तिनं तांदूळ तीनदा निवडला,
हळद घरची नेली.
दुसऱ्या दिवशी अर्ध्या पोरांनी डबे आणले.
तिसऱ्या दिवशी गंज भरलेलाच परत आला
आणि आम्ही पाच भावंडं दोन दिवस तेच खाल्लं
(भाताच्या धड्याप्रमाणे
आम्ही आज नसायला हवं).
गुरुजी दारात आले, आत नाही.
म्हणाले, तुझं काही चुकलं नाही बाई, फक्त...
त्या फक्तच्या पुढे ते कधी गेले नाहीत.
माय हापशीवर बसून राखेनं हात घासत होती.
वीस सेकंद नाही.
दिवा लागेपर्यंत.

प्रश्नाला वेळेचं बंधन नव्हतं,
तरी मी घाईनं चौथ्यावर टिचकी मारली.
कोणाच्याही.
हिरवी खूण आली.
मागे जाऊन पुन्हा पाहिलं.
हिरवीच होती.

वीसपैकी अठरा. भाताचा चुकला,
मुद्दाम नाही, सवयीनं.
दुसरा कुठला, ते सांगितलं नाही त्यांनी.
मग विचारलं, नाव कसं छापायचं:
पहिलं, मधलं, आडनाव.
मधल्या रकान्यात इथे कोणी काही तपासत नाही.
मी लिहिलं, भागरथा.
लायब्ररीत प्रिंटला वीस पेन्स पडले.
कागदावर खालच्या कोपऱ्यात लिहिलंय,
तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी.
देईन की.

सोमवारी गाजर चिरताना बोट कापलं.
गिलियननं निळी पट्टी चिकटवली.
निळीच का, विचारलं.
अन्नात निळं काही नसतं ना, ती म्हणाली,
पडली तर लांबूनच दिसावी.
आमच्याकडेही लांबूनच दिसतो हा रंग, मी म्हटलं.
तिला वाटलं, मी पट्टीबद्दल बोलतेय.
वर हातमोजा चढवला.

रांग सरकली.
पहिल्या मुलानं ट्रे पुढे केला.
माझ्याकडे पाहिलंच नाही,
माझ्या डावाकडे पाहिलं, नाक मुरडलं,
वाटाणे नकोत, म्हणाला.

फक्त वाटाणे.