तीन डब्या

इतवारीच्या भांडेओळीतून अजून मी जात नाही.
बारा वर्षांपूर्वी आईनं तिथंच
लग्नातला तांब्याचा गुंड विकला, वजनावर,
आणि मागे न बघता रिक्षात बसली.

धनराज तेव्हा अकराचा.
डोळे पिवळे झाले. मोहल्ला म्हणाला, कावीळ.
कुणी गळ्यात माळ घातली, कुणी उसाचा रस पाजला,
मग पोट चढलं, मग मेडिकल,
मग मे महिन्यातल्या वॉर्डात
कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून
डॉक्टरीणबाई म्हणाल्या: तांबं.
खाल्लेलं बाहेर पडत नाही, साचतं.
अर्धा दोष आईकडून, अर्धा बापाकडून.
"दोष म्हणजे तसा नव्हे," त्या लगेच म्हणाल्या,
पण बाबांनी तोवर मान खाली घातली होती.

घरातल्या सगळ्यांचं रक्त काढलं.
तेव्हा कळलं, सीताबर्डीच्या बँकेनं
माझी सही दोनदा का परत केली.
माझं तांबं यकृतात थांबलं नव्हतं,
हातात उतरलं होतं, जिभेत,
आणि बुबुळाच्या कडेला
तपकिरी कडं होऊन बसलं होतं.
धनराजच्या डोळ्यांत ते नाही.
वैजूला तर काहीच नाही. आठ वर्षांची होती.
रिपोर्टवर मात्र तीच अक्षरं, तोच आकडा,
काना-मात्रेचा फरक नाही.

"एकाच पोटची लेकरं, बाई. एकाच गंजातला भात.
मंग एकाच्या पोटात, एकीच्या हातात,
अन् हे त नुसती उड्या मारते. असं कसं?"
डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.
"पूर्ण माहीत नाही आम्हालाही."
त्या दिवसापासून मी त्यांच्यावर विश्वास ठेवते.

बाबा हातमागावरून न उठता म्हणाले,
"धागा आमचाच."

आता फळीवर तीन डब्या.
धनराजला गोळीनं मळमळतं, मला नाही.
माझा कप हल्ली बशीत वाजत नाही,
फक्त लांब वाक्याच्या शेवटी
जीभ थोडी मागं राहते.
वैजू विसाची. कॉलेजात बास्केटबॉल खेळते,
आणि तिची गोळी
कधी कधी जास्वंदाच्या कुंडीत सापडते मला.
आईला सांगितलेलं नाही.

रात्री ती झोपली की
तिची प्रॅक्टिकलची वही दिव्याखाली धरते,
आकृत्यांखालच्या ओळी बघते, एकेक.

कालपर्यंत सरळ होत्या.