डावा मागचा

गॅरेजवाल्या नॉर्मनने कागदावर एवढंच लिहिलं :
डावा मागचा, ब्रेकचा. नापास.
बाकी गाडी, म्हणाला, तुमच्या-माझ्याहून धडधाकट आहे.

त्र्याण्णव सालची व्होल्वो.
वर्किंग्टनच्या खाऱ्या वाऱ्यात
हिच्या दारांच्या कडा पापडासारख्या सुटत आल्यात.
मागच्या लाल काचेत पाणी शिरलेलं,
आणि त्या पाण्याच्या काठी, खोटं कशाला सांगू,
एक गोगलगाय बिऱ्हाड करून होती.
आधी तिला उचलून कुंपणावर ठेवली.

तीन नट हातानेच सुटले.
चौथ्याला तेल, मग शिवी, मग पुन्हा तेल.

आत सगळं हिरवं.
कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकतं ना,
तसं पितळ कळकलेलं.
नॉर्मन म्हणाला होता, कसलासा फवारा मिळतो, नऊ पौंडांना.
मी घरात गेले, चिंच भिजत घातली.
आईची समई ज्या चिंचेने निघायची
त्याच चिंचेने
एका स्वीडिश गाडीचं बूड घासत बसले
रस्त्यावर, पाट घेऊन,
ऑक्टोबरच्या चार वाजताच्या अंधारून आलेल्या उजेडात.
मग ओल्या फडक्याने पुसलं, मग कोरड्या,
मग केस वाळवायच्या मशीनने वाळवलं.
समोरच्या खिडकीतला पडदा दोनदा हलला.

जुना बल्ब कानाशी धरून हलवला.
किणकिण.
एकाच काचेत दोन तारा असतात :
एक मंद, रात्रभर जळायची,
दुसरी फक्त थांबण्यापुरती.
मंद वाली शाबूत होती.

नवा ह्यांच्या बिस्किटांच्या डब्यात सापडला,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला, वर पेन्सिलीने तारीख.
त्याच्या दोन खुंट्या मुद्दाम खालीवर केलेल्या,
उलटा बसवताच येऊ नये म्हणून.
मी दोनदा उलटाच बसवायला गेले.
मग दाबला, जरासा फिरवला,
आणि बोटांना कळलं.

आता बघायचं.

इथं अडलं.
सत्तावीस वर्षं हे आत बसायचे
आणि मी मागे, छत्री घेऊन.
आतून आवाज यायचा : लागला का?
मी ओरडायची : लागला!
उजवा? लागला. डावा? नाही. आता? नाही हो. आता?
असं रस्त्यावर, मोठ्याने, मराठीत,
आणि ह्यांना एकदाही दिसला नाही
त्यांच्या स्वतःच्या गाडीचा मागचा उजेड.
कारखान्यात पहाटपाळीला निघायचे,
कोपऱ्यावर थांबायचे,
ते दोन लाल ठिपके मला दिसायचे,
त्यांना नाही.

झाडूचा दांडा लावून पाहिला,
सीट आणि पेडलच्या मधे.
घसरला. हॉर्नवर आपटला.
पडदा पुन्हा हलला.

आवाजाने शेजारचा ईवन बाहेर आला,
अकरा वर्षांचा, पायात एकच मोजा.
म्हटलं, मागे उभा राहा. दिवा पेटला की सांग.
काय म्हणू?
काय म्हणू म्हणजे काय!
मग, कोण जाणे का, मी त्याला शब्द शिकवला.
दोनदा म्हणून दाखवला. त्याला ळ आणि ल
दोन्ही सारखेच परके.

आत बसले.
सीट अजून त्यांच्याच उंचीची, पाय जेमतेम पोचला.
आरशात ईवन,
आणि हळूच त्याचा चेहरा, गुडघे, तो एक मोजा
सगळं लाल.

लागळा! तो ओरडला. लागळा! लागळा!

बास रे, म्हटलं, कळलं.
पण तो ओरडत राहिला, उड्या मारत,
त्याच्या आईने हाक मारून आत नेईपर्यंत.

मग रस्ता रिकामा.
भिंतीवर नुसता तांबूसपणा.
गाडी जागची हललेली नव्हती,
इंजिनही बंद होतं,
आणि मी ब्रेक दाबून
बसले होते.