शेवटचं अक्षर

हीउमा बेटावर रात्रीचे पावणेदोन.
शेगडीतलं बर्चचं लाकूड बसलेलं,
बाहेर समुद्र गोठतोय, आवाज न करता.
हेल्वे नोमिक हेडफोन कानांवर दाबते:
पॅसिफिकमधून कुणीतरी तिचं नाव घेतंय,
पण त्याच्या खुणेचं शेवटचं अक्षर
खरखरीत बुडतं.
पुन्हा विचारते. पुन्हा बुडतं.
तो आभार मानून पुढे जातो,
त्याला वाटतं, हिला ऐकू आलं.

शेजारी फोन आहे.
त्यावर सगळ्यांची यादी, कोण कुठे बोलतंय त्याची.
तिच्या गटात ती बघायची नसते.
बघितली तर कळणार कुणाला?
मांजराला?

ती बघते.
के.
हो की, के-च वाटलं होतं कानाला.
(वाटलं होतं?)

दोन वाजतात. बँड ओस पडतो,
जत्रा उठल्यावरच्या माळासारखा.
बेरीज अकराशे चार. बहुधा दुसरा नंबर.
ओळ खोडायला पेन्सिल उचलते आणि थांबते:
खोडली तर त्याचे गुण जातात,
त्याने तर तिला नीट ऐकलं होतं.

मग गटाच्या रकान्यात ती लिहिते,
‘फक्त पडताळणीसाठी.’
नंबर नाही, प्रशस्तिपत्र नाही.
कारण लिहायला जागाच नाही त्या अर्जात,
तेवढं बरं वाटतं.

रेडिओ बंद करायचा राहतो.
कोऱ्या खरखरीत ती अजून शोधतेय:
डा, डिट, डा.