पंचवीस तासांचा दिवस

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी
रात्री दोन वाजता पुन्हा एक वाजतो.
हलमध्ये हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण सगळे झोपलेले असतात.
जागे असतात इस्पितळातले, गोदीवरचे,
आणि आपण दोघं,
हेसलच्या काठावर, पुलाखाली, गाडीचे दिवे मालवून.

त्या तासाचा हिशेब कुणी मागत नाही
असं मला चार वर्षं वाटत होतं.

घरी हेरंब शनिवारीच घड्याळं मागे करून झोपतो.
आधी ओव्हनचं, मग जिन्यातलं,
मग देवांच्या फळीशेजारचं, जे बंदच आहे,
तरी त्याचेही काटे फिरवतो.
असा माणूस आहे. वाईट नाही.
वाईट असता तर मला केवढं सोयीचं झालं असतं.

तुला मी वेळ हा शब्द शिकवला.
जीभ मागे वळव, टाळूला लाव, सोड.
तू म्हणालास, वेल.
पुन्हा म्हणालास, वेल.
मी हसता हसता तुझ्या खांद्याला चावले
आणि दुरुस्त करायचं सोडून दिलं.
वाढू दे म्हटलं, जिकडे जाईल तिकडे.

पलीकडे बार्टनमध्ये तुझी बायको,
गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, वरच्या खोलीत,
उशाशी तू भरून ठेवलेला थर्मास.
हे तूच सांगितलंस. मी विचारलं नव्हतं.
टोल तू नाण्यांनी देतोस.
कार्डावर पूल उमटतो.

संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवात,
चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये,
बायकांनी धरलं, नाव घे, नाव घे.
घेतलं.
हंबरवरचा पूल बाई लांबच लांब,
पलीकडे वाट बघतात माझे हेरंब.
टाळ्या पडल्या. वसुधाताईंनी वाण दिलं, स्टीलची गाळणी.
पलीकडे कोण राहतं
ते त्या हॉलमध्ये मला एकटीला ठाऊक.
घरी येताना गाडीत, काच वर करून,
तुझं नाव घेऊन पाहिलं.
यमक सापडलं नाही.
सिग्नल हिरवा झालेला कळला नाही, मागचा हॉर्न वाजवत राहिला.

नोव्हेंबरच्या अखेरीला पगाराची चिठ्ठी येते.
हेरंब तिला भोकं पाडून फाइलला लावतो, तारखेवार.
यंदा पंच हातातच राहिला.
त्या रात्री तू ड्यूटीवर होतीस ना?
होते.
ती रात्र तेरा तासांची भरते. बारा, आणि एक मागे आलेला.
हो.
इथे तर ती रात्रच नाही.

मग त्यानं माळ्यावरून मागच्या तीन फाइली उतरवल्या,
टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या,
बोट फिरवत गेला.
फ्रिजची घरघर सुरू झाली, थांबली.
चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला.
म्हणाला, चार वर्षं बुडवतायत तुला.
असं सोडायचं नसतं.

जेवणं झाल्यावर त्यानंच पत्र लिहिलं,
टपोऱ्या इंग्रजीत, मुद्दे घालून,
खाली माझ्या सहीपुरती रेघ.
पेन माझ्या बाजूला ठेवलं, टोपण काढून.

पत्र अजून ओट्यावर आहे, तूरडाळीच्या डब्याखाली.
तो रोज डबा उचलतो, डाळ घेतो,
डबा पत्रावर नीट परत ठेवतो.
पेनाची शाई एव्हाना वाळली असेल.

मार्चमध्ये एक वाजता दोन वाजतील.
त्यानं कॅलेंडरवर आत्ताच खूण केली आहे, पेन्सिलीनं.
आणि काल, भांडी विसळता विसळता, पाठमोराच म्हणाला,
तुझ्या गाडीतलं घड्याळ तेवढं राहतं दर वेळी.
लावू का मी?

मी जीभ मागे वळवली,
टाळूला लावली.
सोडली नाही.